तो पाय आपटत होता

ऑगस्टमधला रविवार. ठाण्याच्या नौपाड्यातला माझा दवाखाना रविवारी एकला बंद होतो आणि मी हात धुऊन निघायच्या बेतात होते. तेवढ्यात एक गृहस्थ बुटांचा खोका छातीशी धरून आत आले. मागे आजी, आणि आजीचा पदर मुठीत घट्ट पकडलेली चार वर्षांची मुलगी. घोडबंदर रोडवरून यायला त्यांना तासभर लागला होता, त्यातला बराच वेळ कापूरबावडीच्या सिग्नलला.

खोक्यात पांढरा ससा. नाव कापूस, वय सहा-सात महिने, वजन दीड किलोच्या आसपास. मागचे दोन्ही पाय एका अंगाला लुळे पडलेले, पोटाखालचे केस लघवीने भिजलेले, नाकपुड्या भराभर हलत होत्या.

"कुठून पडला का?"

"नाही हो डॉक्टर. सकाळी चांगला खेळत होता. हिने उचलला, तेवढंच."

चिमट्याने मी मागच्या पायाचं बोट दाबलं. मग आणखी जोरात दाबलं. एवढ्यावर कुठलाही ससा दचकून मागे वळतो. कापसाने मानही हलवली नाही. एक्स-रे काढला तेव्हा कमरेचा शेवटाकडचा मणका मोडून सरळ बाजूला सरकलेला दिसला.

सशाला पडावंही लागत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. मांजरीची हाडं तिच्या वजनाच्या 12-13 टक्के भरतात, सशाची जेमतेम 7-8. मागच्या पायांत मात्र विलक्षण जोर. त्यात ससा म्हणजे सगळ्यांची शिकार. जमिनीवरून वर उचललं गेलं म्हणजे त्याच्या लेखी कुणाच्या तरी तावडीत सापडलं. तो जिवाच्या आकांताने लाथ झाडतो, आणि तेव्हा मागच्या भागाला आधार नसला तर त्याच्याच लाथेने त्याचाच मणका मोडतो.

मी मुलीसमोर फरशीवर बसले. "कापूस काय करत होता गं सकाळी?"

"पलंगाखाली होता. पाय आपटत होता. असा." तिने टाच फरशीवर दोनदा आपटून दाखवली. अगदी हुबेहूब.

"मग?"

"मला बोलवत होता. उचल म्हणत होता."

ससा मागचा पाय आपटतो तेव्हा त्याला धोका वाटत असतो, किंवा तो चिडलेला असतो. कापूस तिला जवळ येऊ नको म्हणत होता. हे मी मनात म्हणतेय तोवर आजींनी डोळे पुसत सांगितलं, "ही स्वतः कडेवर यायचं असलं की अशीच पाय आपटते हो."

गेली अठरा वर्षं मी जनावरं तपासतेय, पण त्या वाक्याने मी जागच्या जागी थिजले. त्या मुलीने काहीच वेडंवाकडं केलं नव्हतं. तिला जी एक भाषा येत होती, त्या भाषेत तिने सशाचं बोलणं वाचलं, आणि त्याची हाक समजून मायेने धावली. चार वर्षांच्या मुलाकडून याहून वेगळी अपेक्षा करताच येत नाही. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज त्या वयात नुकती कुठे उमलत असते.

कापसाला वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोल वेदनासुद्धा जाणवत नाही आणि मणका असा सरकलाय, म्हणजे पाय परत येणार नाहीत, लघवी आपोआप होणार नाही, जखमा चिघळत जाणार. मी बाबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ एक्स-रेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "संध्याकाळी अगदी असाच पांढरा आणतो. तिला कळणार नाही."

मी नको म्हटलं. तिला नक्की कळलं असतं, आणि खरं कोण सांगतं यावरचा तिचा विश्वास गेला असता. "त्याला झोपवलं" असंही म्हणू नका, हे त्यांना बजावलं. असं ऐकलेली मुलं नंतर रात्री झोपायला घाबरतात. आजी देवबाप्पाचं सांगणार होत्या. मी म्हटलं, तुमच्या घरच्या श्रद्धेप्रमाणे जरूर सांगा, पण आधी "मेला" हा शब्द सांगा. मग मीच तिला सांगितलं: कापसाची पाठ मोडली, ती जोडता येत नाही, त्याला दुखू नये म्हणून मी औषध देणार आहे आणि त्याने तो मरणार आहे. तो परत येणार नाही. आणि हे तुझ्यामुळे झालं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

तिने विचारलं, "त्याला थंडी वाजेल का?" आणि आजीच्या पदराचं टोक खोक्यात सरकवलं. आजी टेबलाला टेकून तशाच वाकून उभ्या राहिल्या. मी सलाईनच्या बाटलीवरचा स्वच्छ रुमाल दिला तेव्हाच तिने पदर सोडला.

तेव्हापासून कुणी लहान मुलासाठी प्राणी घ्यायचा विषय काढला की मी आधी वय विचारत नाही. दवाखान्यात एक गिनीपिग आहे, लाडू. त्याच्या मोठ्या उघड्या पेटीशेजारी मुलाला जमिनीवर बसवते, हातात काकडीचा तुकडा देते आणि गप्प राहते. लाडू येतो, खातो, आणि मग पाठ फिरवून आपल्या घरट्यात जातो. मला बघायचं असतं ते पुढचं. मूल हात मागे घेतं, की त्याच्यामागे घरट्यात घालतं? हात घालणारं मूल वाईट नसतं. त्याची वेळ अजून आलेली नसते.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात हॅमस्टर, गिनीपिग, कासव देऊ नये, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूच्या संसर्गामुळे सांगते. मुलं तेच हात तोंडात घालतात. हॅमस्टर तर मला लहान मुलांसाठी मुळीच पटत नाही. तो रात्री जागणारा. दिवसा मुलाने झोपेतून उठवला की कडकडून चावतो. आपल्याकडचे रानातले पोपट आणि स्टार कासव मात्र कुणीच पाळू नये, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. ठाण्यात अजूनही हे सांगावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न आईबाबांना. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो, ससा आठ-दहा किंवा त्याहून जास्त. आज चार वर्षांचं मूल आठवीत जाईल तेव्हाही पेटी साफ करायची असेल. ती कोण करणार? "तोच करेल, त्याला जबाबदारी कळेल" असं उत्तर आलं की मी नाही सांगते. प्राणी मोठ्या माणसाचा असला पाहिजे. मुलाने त्यात हातभार लावायचा.

गेल्या सप्टेंबरमध्ये ते कुटुंब परत आलं. मुलगी आता सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. लाडूने काकडी संपवली, वळला आणि आत गेला. तिचा हात वर उचललेला तसाच क्षणभर थांबला, मग तिने तो मांडीखाली दाबून धरला.

"त्याला आता नकोय," ती आईला म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

आईने वहीत आधीच लिहून आणलं होतं: पेटी मी साफ करणार. मी त्यांना दोन गिनीपिग घ्यायला सांगितले, कारण एकटा ठेवला तर झुरतो. दोन्ही माद्या घ्या म्हटलं, म्हणजे पिल्लांचा प्रश्न नाही. माणसासारखंच त्यांच्याही शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज सिमला मिरची, अधूनमधून पेरूची फोड. आणि सुकं गवत चोवीस तास, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात.

"मग आजच बघायला जाऊ?" बाबांनी विचारलं.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. तुमच्या सोसायटीत फटाके गच्चीपर्यंत येतात, म्हटलं. दिवाळी होऊन जाऊ दे, मग या.