धार १००० वर लागते, ८००० वर नाही

पटाशी किंवा रंध्याचं पातं नीट कापत नाही म्हटलं की पहिली शोधाशोध सुरू होते ती आणखी बारीक वॉटरस्टोनची, म्हणजे पाण्यावर वापरायच्या धारेच्या दगडाची. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. ६००० होता, आता ८००० घेऊ; ८००० झाला की १२०००. पातं लखलखायला लागतं, पण लाकडावर घसरायचं थांबत नाही. दोष बहुतेक वेळा वरच्या दगडात नसतोच. एक तर दगड सपाट नसतो, नाहीतर १००० वरचं काम अर्धवट टाकलेलं असतं.

जपानी वॉटरस्टोन म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साईडचे कण आणि त्यांना धरून ठेवणारं तुलनेने मऊ बंधन. घासताना बोथट झालेले कण सुटून पाण्यात जातात आणि खालचे ताजे कण वर येतात. तेलाच्या दगडापेक्षा हा वेगाने कापतो तो यामुळेच, आणि झिजतोही यामुळेच. झीज हा दोष धरू नका, ती दगडाची कामाची पद्धत आहे. फक्त तिचा हिशोब रोज चुकता करावा लागतो.

नंबरांविषयी थोडं. जपानच्या जेआयएस मानकात १००० नंबरच्या कणांचा मध्यम आकार साधारण ११.५ मायक्रॉन, ४००० चा ३, ६००० चा २ आणि ८००० चा १.२ मायक्रॉन धरतात. म्हणजे १००० वरून ४००० ला जाताना ओरखडे जवळपास चौथाईवर येतात, पण ६००० आणि ८००० मध्ये फरक एका मायक्रॉनचासुद्धा नाही. जपानी सुतार दगडांचे तीन गट करतात: भरड काढणारे आरातो, मधले नाकातो आणि शेवटचा हात फिरवणारे शिआगेतो. सुरुवातीला १००० चा एक मधला आणि ६००० किंवा ८००० चा एक बारीक, एवढ्यावर सगळं काम निघतं. २२० ते ४०० चे भरड दगड पात्याला खाच पडली किंवा कोन बदलायचा असेल तेव्हाच लागतात. तेही मधे इतक्या वेगाने खोल होतात की त्या कामाला डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली सपाट प्लेट, बरी. तिसऱ्या दगडाचे पैसे मी तरी सपाट करायच्या साधनावर घालेन.

पाणी किती, हे दगडाच्या बंधनावर ठरतं. किंग कंपनीचा १००० मऊ आणि सच्छिद्र असतो. तो बुडवला की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटं, पाण्यात ठेवायचा. शॅप्टनच्या कुरोमाकू मालिकेला भिजवायची गरज नाही, वर पाणी शिंपडलं की झालं. नानिवाचे चोसेरा मॅग्नेशिया बंधनाचे आहेत. ते तासन्‌तास पाण्यात राहिले तर पृष्ठभाग मऊ पडतो आणि वाळताना तडे जाऊ शकतात. कुठलाही दगड उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका. सावलीत, कडेवर उभा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर ओला दगड बाहेर ठेवायचा नाही, आत मुरलेलं पाणी गोठून तो फुटतो. आणि वॉटरस्टोनवर तेल कधीच नाही. छिद्रांत एकदा तेल गेलं की दगड पूर्ववत होणं कठीण.

आधी दगड सपाट

समजा १००० चा दगड मधोमध जरासा खोल गेलाय. डोळ्याला दिसणार नाही इतकाच. त्यावर पटाशीचा उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू, मागेपुढे घासला की उताराला गोलाई येते, कारण खळग्यात त्याची टाच (उताराचं मागचं टोक) आणि धारेकडचा भाग आधी टेकतात आणि जास्त झिजतात. पाठीचं, म्हणजे उताराच्या उलट्या सपाट बाजूचंही तसंच होतं, ती मधे फुगते. आता हेच पातं सपाट ८००० वर घ्या. फुगलेला मधला भाग टेकतो, धार हवेत राहते. दहा मिनिटं घासलं तरी चमक मधे येते आणि धारेवर १००० चेच ओरखडे राहतात. खात्री करायची असेल तर उतारावर मार्करची शाई लावा आणि ८००० वर फक्त दोन हात मारा. शाई धारेलगत शिल्लक आणि मधून गेलेली दिसली, तर गडबड ८००० च्या आधीच्या दगडावर झाली आहे.

दगड सपाट करायला ४०० नंबरची डायमंड प्लेट सगळ्यात सोयीची. दगडावर पेन्सिलीने १५-२० मिलिमीटरच्या चौकटी आखा, भरपूर पाण्यात प्लेट फिरवा. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या उरतात. म्हणजे खळगा तिथे आहे. सगळ्या रेघा गेल्यावर पुन्हा आखून एकदा पुसा. दुसऱ्या खेपेला रेघा सगळीकडून एकदम गेल्या पाहिजेत. प्लेट नवी कोरी असेल तर सुटे हिरकण बारीक दगडात रुतू शकतात, म्हणून ती आधी भरड दगडावर चालवून घ्या. बारीक दगडावर प्लेट चिकटून बसते. ओढाताण न करता नळाखाली, वाहत्या पाण्यात घासा.

प्लेट नसेल तर ८-१० मिलिमीटर जाडीच्या काचेवर २२० चा ओला-सुका पॉलिश पेपर चालतो. नंतर दगड ब्रशने धुवायचा, नाहीतर कागदाचा एखादा दाणा ८००० मध्ये राहून प्रत्येक पात्यावर लांब ओरखडा काढत बसतो. दोन दगड एकमेकांवर घासून सपाट होतात असं बरेच जण सांगतात. ते होतीलच असं नाही: एक खोलगट आणि दुसरा तसाच फुगीर होऊन ते एकमेकांत छान बसू शकतात. तीन दगड आलटून-पालटून घासले तर मात्र तिघांना सपाट होण्यावाचून पर्याय उरत नाही. खाचा पाडलेला, सपाटीकरणाचा म्हणून विकला जाणारा दगड मला पटत नाही, कारण तो स्वतःच झिजून वाकडा होतो.

हे किती वेळा? मऊ १००० वर रंध्याचं एक रुंद पातं झालं की एकदा. कडक दगडावर दोन-तीन पाती निघतात. पाच-सहा हात प्लेट फिरवणं हे रोजच्या कामात धरलं तर अर्धा तास खर्च करायची पाळी येत नाही. दगडाच्या कडाही प्लेटनेच किंचित मारून ठेवा. धारदार कडेचा ढलपा उडाला की तो पात्याखाली येतो.

पाठ, उतार आणि बर

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ. त्यामुळे नव्या पात्याची पाठ एकदा नीट करावी लागते, पण सगळी नाही. धारेलगतचा २०-३० मिलिमीटर भाग पुरतो. तो १००० वर एकसारखा करड्या ओरखड्यांचा झाला की ८००० वर. यापुढे पाठ १००० वर घ्यायची नाही. ती आता फक्त ८००० ची.

जपानी पटाशीच्या पाठीला मुद्दाम केलेला खळगा असतो, त्याला उरा म्हणतात. त्यामुळे फक्त कडा आणि धारेलगतची बारीक पट्टी दगडाला टेकते आणि काम लवकर होतं. पण पाठ गरज नसताना घासत राहिलात तर ती पट्टी रुंद होत जाते आणि खळगा आटतो. दुसरीकडे, धार झिजत मागे सरकत खळग्यापर्यंत आली तर रंध्याच्या पात्याला उतारावरून, मऊ लोखंडाच्या भागावर, हातोडीचे हलके ठोके देऊन पट्टी पुन्हा बाहेर काढतात. ठोका कडक पोलादावर बसला तर पातं तडकतं, त्यामुळे हे काम आधी जुन्या पात्यावर करून बघावं.

आता १००० वरचा उतार. कोन किती? साध्या कामाच्या पटाशीला २५ ते ३० अंश, ठोकून भोक पाडायच्या जाड पटाशीला ३० ते ३५, नुसत्या हाताने तासायच्या पातळ पटाशीला २० ते २५. कोनमापक नसला तरी उतार मोजता येतो: ३० अंशाला उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट, २५ अंशाला साधारण २.४ पट. चार मिलिमीटर जाड पात्याचा उतार आठ मिलिमीटर भरला की ३० अंश.

गाईड, म्हणजे पातं ठरावीक कोनात धरून ठेवणारं साधन, वापरत असाल तर दोन बाजूंनी पकडणाऱ्या साध्या गाईडमधून पटाशी ३० मिलिमीटर बाहेर काढली की सुमारे ३० अंश, ४० काढली की २५. रंध्याच्या पात्याला तेच आकडे ३८ आणि ५०. फळीवर या मापांच्या पट्ट्या ठोकून ठेवा, दर वेळी पट्टीने मोजावं लागत नाही. आखूड, निमुळत्या मानेच्या जपानी पटाशा या गाईडमध्ये धड बसत नाहीत, त्या हातानेच कराव्या लागतात.

हाताने करताना आधी पातं उतारावर टेकवून पुढे-मागे किंचित डोलवा. टाच आणि धार दोन्ही टेकल्या की पातं बसल्याचं बोटाला कळतं. मनगटं तिथेच आवळायची, दोन बोटं धारेच्या शक्य तितकी जवळ दाबायची आणि हालचाल खांद्यातून करायची. नजर धारेसमोरच्या पाण्यावर ठेवा. धार टेकलेली असेल तर तिच्यापुढे पाण्याची बारीक वळी उठते आणि पात्याबरोबर सरकते. कोन पडून टाचेवर आलात की वळी मोडून पाणी धारेखाली शिरतं. कोन उचलला गेला तर धार दगडात रुतते, मऊ दगडाची सालही निघते. अरुंद पटाशीच्या बाबतीत हे हमखास होतं. तिला फक्त मागे ओढताना दाब द्या आणि दर काही हातांनी दगडावरची वाट बदला, नाहीतर दगडात नाली पडते.

कुठवर घासायचं? बर येईपर्यंत. उतार घासत धारेपर्यंत पोचला की धातूची अतिशय पातळ कड पाठीच्या बाजूला वळते, तीच बर. अंगठ्याचं टोक पाठीवरून धारेच्या बाहेर सरकवलं की ती अडकते. धारेच्या लांबीने बोट फिरवायचं नाही, कापेल. बर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे आहे आणि डाव्या कोपऱ्यात नाही, तर डाव्या कोपऱ्यात जुनी बोथट धार अजून शिल्लक आहे. असं पातं ८००० वर नेणं म्हणजे बोथटपणाला पॉलिश करणं. सोडून द्यायचा मोह सगळ्यात जास्त होतो तो इथेच.

धार काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा. एक कोपरा पुढे राहिला असेल तर त्या बाजूच्या बोटाचा दाब वाढवा. रंध्याच्या पात्याचे कोपरे मात्र मुद्दाम किंचित मागे घेतात, दोन्ही कोपऱ्यांवर आठ-दहा जादा हात मारून, म्हणजे फळीवर पात्याच्या कडांच्या रेघा उठत नाहीत.

बारीक दगडावर

दगड बदलण्याआधी पातं, गाईड आणि हात धुवा. १००० चा एक कण ८००० वर आला तरी ओरखडा दिसतो. बारीक दगडावर नागुरा नावाचा छोटा दगड घासून थोडा गाळ उठवला तर पातं घसरत नाही आणि कापणं सुरळीत होतं. हा गाळ सारखा धुऊन टाकू नका.

१००० नीट झालेलं असेल तर इथे काम थोडं आहे: उतारावर दहा-पंधरा हात, मग पाठ दगडावर पूर्ण टेकवून चार-पाच, पुन्हा उतार, पुन्हा पाठ, दर वेळी दाब कमी करत. बर अशी दोन्हीकडून झिजून गेली पाहिजे. लाकडात ओढून ती तोडली तर खालची धार फाटकी राहते. पाश्चात्त्य घडणीच्या पात्याला ८००० वर दोन अंश उचलून फक्त टोकाला हात मारले तर वेळ वाचतो. जपानी पात्यात कडक पोलादाची पातळ पट्टी मऊ लोखंडाला जोडलेली असते. उताराचा मोठा भाग मऊ असल्याने सगळा उतार सपाट ठेवूनही झटकन होतो, म्हणून त्यावर दुसरा कोन काढू नये असं माझं मत. जपानी पात्यांत वापरल्या जाणाऱ्या यासुगी पोलादाचे ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ असे प्रकार आहेत. पांढऱ्याला सहज धार चढते. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन असल्याने ते थोडा जास्त वेळ मागतं, पण धार टिकवतं.

धार तपासायला दंडावरचे केस कापून बघण्यात अर्थ कमी. बर शिल्लक असतानाही केस कापले जातात. पाइनसारख्या मऊ लाकडाचं आडवं कापलेलं टोक हाताने तासा. तिथे बोथट पातं तंतू कापण्याऐवजी चिरडतं आणि पांढुरके खड्डे पडतात. चांगल्या धारेने पृष्ठभाग गुळगुळीत, गडद निघतो. काम करता करता धारेचे कण उडत असतील तर दगड बदलू नका, कोन दोन-तीन अंशांनी वाढवा. ग्राइंडरवर टोक निळं पडलं असेल तर पोलाद तिथे सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून मऊ झालेलं आहे. निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

साध्या कार्बन पोलादावर गंज काही मिनिटांत दिसायला लागतो. पातं कोरडं पुसून लगेच तेलाचं बोट फिरवा. जपानी सुतार त्यासाठी त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. त्यानंतर काम करताना धार मंदावली की दर वेळी १००० काढायची गरज नाही. तीन-चार वेळा नुसत्या ८००० वर भागतं. ८००० वर वीस हात मारूनही धारेवरची पांढरी रेघ, म्हणजे बोथटपणाची चमक, उजेडात दिसत राहिली, की मग पुन्हा १००० भिजत घाला.