डकारला न जाणारी डकार

जानेवारीत पहिले दोन आठवडे माझं रात्रीचं ठरलेलं असतं, जेवण झालं की मोबाईल घेऊन डकार रॅलीचे, म्हणजे वाळवंटातून होणाऱ्या बाईक, कार आणि ट्रकच्या शर्यतीचे, हायलाइट्स लावून बसायचं. बायको दरवर्षी विचारते, "अरे हे चाललंय कुठे?" सौदी अरेबियात. "आणि डकार कुठे आहे?" सेनेगलमध्ये. "मग डकार कशाला म्हणतात?" आता याचं उत्तर काही दोन मिनिटांत होत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

तर सगळं सुरू झालं एक माणूस रस्ता चुकला म्हणून. थिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच बाईकवाला, १९७७ ला आबिदजान-नीस रॅलीत लिबियाच्या वाळवंटात भरकटला (रस्ता चुकला म्हणतोय खरा, पण तिथे रस्ता असतो कुठे) आणि अगदी मरता मरता वाचला. आपण असतो तर घरी येऊन देवाला नारळ फोडला असता, बाईक विकली असती आणि परत वाळूचं नाव काढलं नसतं. या पठ्ठ्याने ठरवलं की आता बाकीच्यांनाही तिकडे न्यायचं! २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून १८२ गाड्या निघाल्या, जवळजवळ दहा हजार किलोमीटर, आणि डकारला पोचल्या ७४.

त्या पहिल्या वर्षी बाईक, कार, ट्रक सगळ्यांचा निकाल एकाच यादीत होता आणि जिंकला कोण, तर सिरिल नेव्हू, एक सिलिंडरच्या यामाहा एक्सटी ५०० वर. पण माझे लाडके म्हणजे मारो बंधू. हे दोघं भाऊ चक्क रेनो ४ घेऊन आलेले. रेनो ४ म्हणजे फ्रान्समध्ये भाजी आणायला, पोरांना शाळेत सोडायला वापरायची गाडी, त्यात यांनी फोर व्हील ड्राइव्ह बसवून घेतलेला. १९८० ला कार गटात तिसरे आले आणि १९८२ ला रेनो २० घेऊन थेट जिंकले.

तेव्हा जीपीएस वगैरे काही नाही हं. होकायंत्र आणि रोडबुक. रोडबुक म्हणजे कागदावर छोट्या छोट्या खुणा, इतक्या किलोमीटरवर खड्डा, तिथून अमुक अंशाला वळा, बास. एक खूण चुकली की पुढचं सगळंच चुकतं. १९८२ ला ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क असाच अल्जेरियात सहा दिवस बेपत्ता होता, विमानं शोधत फिरत होती, आणि एरवी पोलादी म्हणवणारी ती बाई चारचौघांत रडली. शेवटी अल्जेरियाच्या लष्करी विमानाला तो आणि त्याचे साथीदार दिसले. १९८३ ला तर तेनेरेच्या वाळवंटात असं वादळ आलं की चाळीसेक स्पर्धक एकदम भरकटले.

१९८८ चा किस्सा तर कोणाला सांगितला तर फेकतोय म्हणतील. अरी वातानेन आघाडीवर होता आणि मालीत बामाकोच्या मुक्कामी त्याची प्यूजो ४०५ रात्रीतून चोरीला गेली! खंडणीसाठी फोन आला म्हणे. गाडी नंतर सापडली पण तोवर स्टार्टची वेळ टळून गेलेली, आणि तो बाद. त्याच्याच टीमचा कांकुनेन जिंकला.

साबीनला हे बघायला मिळालं नाही. १४ जानेवारी १९८६ ला मालीतच त्याचं हेलिकॉप्टर पडलं, पाच जण गेले, त्यात डानिएल बालाव्हॉन हा फ्रान्सचा मोठा गायकही होता. साबीनची राख तेनेरेच्या वाळूत सोडली.

आणि एक गोष्ट मला फॅन असूनही खटकते. या रॅलीत स्पर्धक गेले तसे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघणारे गावातले लोक, लहान पोरंही गेली. स्पर्धकाने निदान फॉर्म भरलेला असतो, त्या पोरांनी काय भरलं होतं? हायलाइट्समध्ये हे कधी येत नाही.

बरं, मूळ प्रश्न. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांचा खून झाला, धमक्या आल्या आणि २००८ ची रॅली निघायच्या आदल्या दिवशी रद्द झाली. सगळे लिस्बनला (त्या वर्षी सुरुवात तिथून होती) गाड्या लावून तयार, आणि सांगितलं घरी जा. २००९ पासून बिऱ्हाड दक्षिण अमेरिकेत, २०२० पासून सौदीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पूर्वी शेवट डकारजवळच्या गुलाबी तळ्याकाठी व्हायचा, मला मनापासून वाटतं की ते परत व्हावं, पण पैसा जिकडे रॅली तिकडे.

आपल्याकडून २०१५ ला सी. एस. संतोष पहिल्यांदा गेला आणि बाईकवर ३६ वा आला. २०२४ ला हरित नोहाने बाईकचा रॅली २ गट, म्हणजे अव्वल गटाच्या खालचा गट, जिंकला. आणि आपल्या पुण्याचे संजय टकले २०२५ ला तिकडच्या क्लासिक गटात, म्हणजे जुन्या गाड्यांच्या गटात, उतरले. हे बायकोला कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "छान, तू आधी पार्किंगमधून गाडी खांबाला न लावता काढ."