कार्नेगी हॉल चालेल, बार नाही

"मग आता मी गायचं तरी कुठे?" असं म्हणून रंगमंचावरच्या बिलीने ग्लास उचलला आणि सगळे खो खो हसले.

काल मॅनहॅटनच्या एका तळघरातल्या थिएटरात अमेरिकन जाझ गायिका बिली हॉलिडेच्या आयुष्यावरचा कॅबरे पाहिला. केसांत पांढरी गार्डेनिया, साथीला नुसता पियानो. गायली झकास. पण ते हसणं काही डोक्यातून जाईना.

१९४७ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात बिलीला तुरुंगवास झाला आणि तिचं कॅबरे कार्ड गेलं. न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या क्लबात गायचं तर हे कार्ड लागायचं. देणार कोण? पोलीस! तेही बोटांचे ठसे घेऊन. मार्च १९४८ मध्ये, सुटून आल्या आल्या तिने कार्नेगी हॉल हे मोठं संगीत सभागृह खचाखच भरवलं. तिथे कार्ड लागत नव्हतं. पण जिथे रोज रात्री जाझ रंगायचं, ज्यावर कलाकाराचं घर चालायचं, ते क्लब तिला बंद. १९५९ मध्ये ती गेली, तोवर कार्ड परत मिळालं नाही. (जाझ पियानोवादक थेलोनियस मंकचंही १९५१ मध्ये गेलं होतं. त्याला निदान १९५७ मध्ये मिळालं.)

शेजारी बसलेली मावशी पुटपुटली, "अगं, हे तर आपल्या डान्सबारसारखंच झालं की!"

खरंच की. २००५ ची बंदी आठवते? साध्या बारमधला नाच बंद, तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट. सुप्रीम कोर्टाने ती अमान्य केली २०१३ मध्ये. मधल्या काळात त्या बायकांनी पोट कसं भरलं, हे आपल्यापैकी कुणी विचारलं होतं का?