तुम्ही विचारलंत म्हणून: आल्प द्युएझ का नाही?

पुण्याहून कुणी सायकल घेऊन फ्रेंच आल्प्समध्ये यायचं ठरवलं की माझा नंबर हातोहात त्यांच्यापर्यंत पोचतो. मी मनापासून मार्ग सांगते आणि तो बहुतेक वेळा व्हेरकोरचा, म्हणजे ग्रनोब्लजवळच्या डोंगरी पठाराचा असतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, ग्रनोब्लला राहता आणि अजून आल्प द्युएझ केलं नाहीत?" आजवर मी "वेळच मिळाला नाही" म्हणत आले. त्या चढाच्या पायथ्याचं बूर-द्वाझाँ माझ्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. वेळेचा काही प्रश्न नाही. तेव्हा आता एकदाच सगळं सांगते.

आधी जे उत्तर मला पटतं ते. आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी आठ टक्के, २१ हेअरपिन म्हणजे उलटी फिरणारी वळणं, त्यांचे आकडे वरून खाली लावलेले, सर्वात वरचं एक नंबरचं. १९५२ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा टप्पा पहिल्यांदा इथे संपला, फाउस्तो कोप्पी जिंकला, आणि तेव्हापासून या रस्त्यावर जो तो घड्याळ लावूनच चढतो. व्हेरकोरचे रस्ते वेगळ्या कामासाठी झाले. काँब लाव्हालचा रस्ता १८९८ साली पुरा झाला, तो लाँतच्या जंगलातलं लाकूड खाली र्‍वायाँच्या खोऱ्यात उतरवायला. चुनखडीच्या उभ्या कड्यात कोरलेला, मध्येच कातळातून आरपार जाणारा, आणि कठड्यापलीकडे शेकडो मीटर नुसती हवा. लाकडानं लादलेल्या घोडागाड्या जिथून जायच्या, तिथला चढ तंबू आणि दोन पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या पिशव्या, लादलेल्या सायकललाही मानवतो. सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि बघत बघत चढायचं. शनिवार-रविवार मात्र टाळा, मोटरसायकलींचा आवाज त्या कड्यात घुमतो. आणि निघायच्या आधी रस्ता चालू आहे ना ते बघा. दरडी इथेही कोसळतात. बूर्न नदीच्या घळीतला रस्ता तर त्यापायी अनेकदा बंद असतो.

पुढे कोल द ला माशीन ही खिंड, मग जंगल, मग व्हास्यू गाव. जुलै १९४४ मध्ये या पठारावर जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीचे हजारो लोक जमले होते. २१ तारखेला जर्मन सैनिक ग्लायडरमधून थेट व्हास्यूत उतरले. गाव जाळलं, माणसं मारली. मुक्तिलढ्यातल्या कामगिरीबद्दल 'काँपान्याँ द ला लिबेरास्याँ' हा किताब फ्रान्समध्ये पाचच ठिकाणांना मिळाला, त्यांतलं हे एवढंसं गाव एक. गावाबाहेरच्या दफनभूमीत एकसारख्या कबरी आहेत. तिथे सायकल उभी करा आणि थोडं थांबा. नंतर कोल द रुसे, १२५४ मीटर. दिवा लावून बोगद्यात शिरायचं. बोगद्याच्या अलीकडे बीच आणि फरच्या झाडांची ओलसर जंगलं असतात, पलीकडे बाहेर पडलात की कोरडी दक्षिण, उजेड वेगळा, वासही वेगळा. दी या गावापर्यंत वीसेक किलोमीटर वळणावळणाचा उतार. उलट्या बाजूनं चढलात तरी सरासरी चारच टक्के. दीहून वालाँसला रेल्वे मिळते.

एवढं सगळं असताना लोक घड्याळाकडे बघायला का येतात, असं मी म्हणायचे. जोरात म्हणायचे. सँ-एत्येनचे पोल द व्हिव्ही, ज्यांना सगळे व्हेलोसिओ म्हणतात (१८५३–१९३०), यांनी सायकलवरून भटकणाऱ्यांसाठी सात नियम सांगितले. शेवटचा नियम असा की मिरवण्यासाठी कधीही पायडल मारू नये. तो नियम मी लोकांच्या तोंडावर फेकायचे.

आता दुसरं उत्तर.

माझा धाकटा भाऊ पुण्यात ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या. पहाटे उठून सिंहगड चढायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा, अशी तयारी करून तो जुलैत माझ्याकडे आला. मनात एकच गोष्ट होती, आल्प द्युएझ, दीड तासाच्या आत. त्यानं हलकी कार्बनची सायकल भाड्यानं घेतली. मी माझी जुनी टूरिंगची घेऊन मागे. निघेपर्यंत ऊन चढलं होतं. पहिल्या सरळ चढावरच तो दिसेनासा झाला आणि मला बरंच वाटलं, प्रत्येकानं आपापल्या वेगानं जावं.

सात नंबरच्या वळणाच्या थोडं खाली तो भिंतीला टेकून बसलेला दिसला. सायकल आडवी पडलेली. हात थरथरत होते. चेहरा लाल, पण कपाळ कोरडं होतं. त्या उन्हात, त्या चढावर, घाम नाही. मी बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं. त्यानं विचारलं, "किती राहिलं?" मी सांगितलं. घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा विचारलं, "किती राहिलं?" मला तिथेच धडकी भरली.

पाच-दहा मिनिटांनी तो उठला, सायकल उचलली, पायडलच्या क्लिपमध्ये पाय अडकवायला लागला. मी समोर जाऊन हँडल धरलं.

"ताई, सोड."

"नाही."

"अर्ध्याच्या वर आलोय. सोड."

शेजारून लोक जात होते, कुणी "सा व्हा?", ठीक आहे ना, असं विचारत होतं. त्याच्या खिशातला फोन घरी नकाशावर ठिपका दाखवत होता, वहिनी आणि मुलं बघत होती, पुण्यातला ग्रुप बघत होता. ठिपका थांबलाय हे त्यांना दिसत होतं. तो रागावला, मग विनवायला लागला, मग रडला. चाळिशीतला माणूस, माझा भाऊ, परक्या देशातल्या रस्त्यावर, माझ्यासमोर. मी हँडल सोडलं नाही. शेवटी खाली जाणाऱ्या एका व्हॅनवाल्या जोडप्यानं आम्हाला सायकलींसकट खाली नेलं. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही.

डॉक्टरांनी तपासलं तोवर ताप उतरला होता. पाणी, क्षार, विश्रांती, एवढंच सांगितलं. तो म्हणतो, बघ, काहीच नव्हतं. मी म्हणते, थांबवलं म्हणून काही झालं नाही. हे भांडण कुठलाही डॉक्टर मिटवू शकणार नाही, कारण तो वर गेला असता तर काय झालं असतं ते कुणालाच कळणार नाही.

दोन दिवसांनी मी त्याला काँब लाव्हालला नेलं. सावकाश चढलो. कठड्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता त्याला कळेल. तो म्हणाला, "खूप सुंदर आहे गं. पण हे मी कुणाला सांगू? कुणाला नावही माहीत नाही."

तेव्हा मला राग आला होता. मिरवायचंच आहे याला, असं वाटलं. आज तितकं सरळ वाटत नाही. मी इथे राहते. पाऊस आला तर पुढच्या रविवारी जाते. त्याला व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागलं, साठवलेली रजा टाकावी लागली, तिकिटाला पैसे जमवावे लागले. एवढं करून आलेल्या माणसाला घरच्यांना समजेल असं एखादं नाव सोबत न्यावंसं वाटलं, तर त्यात वाईट काय? आणि ज्या व्हेलोसिओंचा नियम मी सांगत फिरायचे, ते स्वतः रात्र रात्र सायकल चालवत शेकडो किलोमीटर जायचे. हौस कुठे संपते आणि मिरवणं कुठे सुरू होतं, हे त्यांनाही भर चढावर कसं ठरवता येत असेल?

तरीही मी ते हँडल सोडलं असतं का? नाही. कपाळ कोरडं होतं, तो तेच तेच विचारत होता. आज तोच प्रसंग आला तरी धरेन. पण घड्याळ लावून चढणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आधीपासून अढी होती हेही खरं. ती नसती तर मी त्याला सावलीत अर्धा तास बसवून, मग चालत का होईना, वर नेलं असतं का? या प्रश्नाशी मी अनेक रात्री झगडले आहे. कधी एक उत्तर येतं, कधी दुसरं.

म्हणून मी तो चढ पुन्हा चढले नाही. त्याच्याशिवाय वर जाऊन उभं राहायचं आणि फोटो काढायचा, हे मला जमणार नाही. कुणाला हा हट्ट वाटतो. वाटू दे.

आणि तरी तुम्ही मार्ग विचारलात तर मी व्हेरकोरच सांगेन, कारण तो चांगला आहे. आल्प द्युएझला जायचंच असेल तर जा, पण सकाळी सातच्या आत पायथा सोडा, पाणी दुप्पट घ्या आणि घाम यायचा थांबला तर थांबा.

भाऊ पुन्हा यायचं म्हणतोय. या वेळी बरोबर चढायचं, घड्याळ न लावता, असं त्यानंच सुचवलं. सप्टेंबरमध्ये ये, मी येते, असं मी कळवलं. तो जुलैवर अडून बसलाय, कारण टूर जुलैत असते.