आमची वाटचाल : आंब्याची साल आणि हत्तीगवताचा मुरघास

मे महिना आला की रत्नागिरीकडच्या कॅनिंगच्या कारखान्यांमागे आंब्याच्या सालींचे ढीग लागतात. आमच्या वाडीलगत ते पऱ्याकाठी ओतले जायचे. माझ्याकडे तेव्हा सहा म्हशी होत्या आणि वैरण घाटावरून विकत यायची. गुरं आवडीने खातात ती साल टाकायची कशाला, हे मला राहून राहून खुपायचं.

आमच्याकडे गवताला तोटा नाही. पावसाळ्यात हत्तीगवत डोक्यावर जातं, पण वाळवायला ऊन कुठे असतं? म्हणून मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद ठेवून आंबवायचा. तोही सहज जमत नाही. मक्यात साखर भरपूर, त्यामुळे तो नीट मुरतो. कोवळ्या हत्तीगवतात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी आणि साखर बेताची, त्यामुळे नुसतं भरलं तर सडतं.

पहिल्या वर्षी मी ओली सालच गवताच्या बारीक तुकड्यांत, म्हणजे कुट्टीत मिसळून खड्डा भरला. आठ दिवसांत तळातून काळपट रस वाहू लागला. उघडल्यावर खवट लोण्यासारखा वास, कडेला बुरशी. म्हशींनी तोंड फिरवलं. सगळा माल उकिरड्यात गेला.

वाट आईने दाखवली. "आमसुलं वाळवतो तशी कातळावर घाल की," म्हणाली. तेव्हापासून साल ज्या दिवशी निघते त्याच दिवशी उचलतो. कोया बाजूला काढतो, कारण बाठ्यात टॅनिन हा तुरट पदार्थ असतो. तापलेल्या कातळावर साल आधी चामड्यासारखी होते, मग कडकड मोडते. ती पोत्यांत भरून माळ्यावर ठेवतो, थेट गवताच्या कापणीपर्यंत.

100 किलो कुट्टीला साधारण 12 किलो सुकी साल. ती पाणी ओढून घेते आणि तिच्यातली साखर आंबवणाऱ्या जिवाणूंना मिळते. कुट्टी मुठीत दाबून बघायची. पाणी ठिबकलं तर साल वाढवायची, मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. मग बॅगेत चेपून हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचं आणि 45 दिवस हात लावायचा नाही.

सालीत प्रथिनं कमी असतात. म्हणून मुरघास नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो, पेंड बंद करू नका.

2025 साली मोसमी पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला आणि कातळावरची आमची साल भिजली. आता तिथेच शेजारी सोलर ड्रायरचा मांडव उभारतोय.