आमची वाटचाल : बेलबॉटमच्या खाकी फर्म्यापासून

आमचे आण्णा मूळचे जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात रानात काहीच राहिलं नाही तेव्हा सांगलीला आले आणि कापड पेठेजवळ एका टेलरकडं काज-बटणाला बसले. तीन-चार वर्षांनी भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं पायमशीन टाकलं, तीच आमची सुरुवात.

आणि वेळ अशी साधली की तेव्हा बेलबॉटमची लाट जोरात होती. मांडीला घट्ट, गुडघ्यापासून खाली घेर, २४ इंच, २६ इंच, कॉलेजची पोरं तर म्हणायची आण्णा अजून सोडा. वर लांब टोकाच्या कॉलरचे, मोठ्या फुलाफुलांचे शर्ट, कुणाला राजेश खन्नासारखा गुरु कुर्ता पाहिजे असायचा. कापड टेरिकॉट नाहीतर टेरिलीन, उन्हाळ्यात घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं, पण धुवून वाळत टाकलं की चुरगळत नाही, इस्त्रीचा खर्च वाचतो, म्हणून लोकांना तेच हवं असायचं. फक्त कोळशाची इस्त्री जरा जास्त तापली की कापड आक्रसून चमकायला लागायचं, म्हणून आण्णा मधे ओलं सुती फडकं ठेवल्याशिवाय इस्त्री लावायचेच नाहीत.

बेलबॉटम दिसायला सोपी पण कटिंगला अवघड हो. घेर आतल्या-बाहेरच्या दोन्ही शिलाईला सारखा वाटून दिला नाही तर पँटचा पाय फिरतो, चालताना शिलाई पुढं येते. उंची बुटाच्या टाचेवर ठरायची, पुढं बूट झाकला पाहिजे आणि मागं जमिनीला अर्धा इंच कमी, म्हणून खालची घडी मागं थोडी उतरती. तरी ती घासून फाटायचीच, मग आण्णा आतून पितळी चेनची पट्टी शिवून द्यायचे. सांगलीत तेव्हा सगळे सायकलवर, घेर सायकलच्या चेनमधे अडकायचा, दर आठवड्याला ग्रीसनं काळी झालेली एखादी पँट रिपेअरला यायचीच.

नंतर बॉटम बारीक झाले, मग रेडिमेड आणि जीन्स आली आणि आमच्याकडं फक्त शाळेचे युनिफॉर्म आणि अल्टर राहिलं. ती वर्षं अवघड गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गाळ्यात शिरलं, दोन मशिनी आणि मापाच्या सगळ्या वह्या गेल्या. आण्णांच्या हाताचे खाकी कागदाचे फर्मे, म्हणजे कापड कापायचे नमुने, तेवढे माळ्यावर होते म्हणून वाचले.

आता त्याच फर्म्यांवर काम चाललंय. गॅदरिंगला, संगीतला सत्तरच्या दशकाची थीम असते, आणि मुली रोज घालायला पण फ्लेअर, म्हणजे खाली घेर असलेली पँट, शिवून घेतात कारण रेडिमेडमधे गुडघ्याची जागा बऱ्याचदा चुकते. मी गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून गुडघा मापतो, आण्णा तसंच मापायचे.

माप द्यायला याल तेव्हा एकच करा, त्या पँटवर जो बूट किंवा सँडल घालणार आहात तोच घालून या.