कपाशीत मूग, सातबाऱ्यावर नवरा
आज यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला बसलो. विषय कर्जाच्या हप्त्यांचा, पण गाडी वळली पावसावर. एक काकू म्हणाल्या, "एका दिवशी धो-धो येते, मंग पंधरा दिवस थेंब नाही. निस्ती कपाशी लावली त मेलोच ना भाऊ!"

म्हणून त्यांनी कपाशीत मुगाचे तास (ओळी) घेतलेत, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेनं बरबटी (चवळी) अन् अंबाडी. कपाशीचा पैसा दिवाळीच्या पुढंमागं. मूग पोळ्याच्या आसपासच घरात येतो. मधल्या तंगीत सावकाराचं दार नको. बियाणं घरचंच, राख लावून मडक्यात ठेवलेलं. रुंद सरी-वरंब्यावर पेरायचंही त्यांनीच रेटलं (नवरा लय कुरकुरला म्हणे!). जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला तर ओल टिकते.

एवढं करून सातबाऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचंच. पत्नीचं नाव लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे; बैठकीत मोजक्याच जणींना माहीत. नाव नाही म्हणून अतिवृष्टीची भरपाईही त्याच्याच खात्यात. शिबिरं-भाषणं पुरे, आधी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा. पुढच्या बैठकीला तलाठ्यांना बोलवायचं ठरलंय. तुमच्याकडं कोणी अर्ज केला असेल तर कागदपत्रं काय लागली, ते कमेंटमध्ये सांगा.